चिलखत घालून सूर्यमाळ

जव्हार संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, काही जुनी चिलखतं होती. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती बाहेर काढत, त्यांना तेल पाजत, झेंडूची फुलं वाहत आणि परत खुंटीला अडकवत. या व्यवस्थेत कुणाचंच नुकसान नव्हतं. चिलखतांना तेल मिळे, आतले कापसाचे डगले उंदरांना मिळत, आणि शिपायांना सुट्टी मिळे. पूर्वजांचा मान राखण्याची याहून निरुपद्रवी रीत मला ठाऊक नाही. ती तशीच चालू राहिली असती तर माझ्या थोरल्या भावाला आजही उन्हाळा चारचौघांसारखा काढता आला असता, आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

आम्ही साखरशेतचे. भात आणि नाचणी हे आमचं खानदानी उत्पन्न. दोन्ही संपली की उपास हे खानदानी व्रत. दादा अंगापिंडानं दांडगा, म्हणून संस्थानच्या शिपायांत लागला. मी काडी, म्हणून शाळेत. शाळेच्या पुस्तकांनी मला वाचायला शिकवलं, पण चटक लावली ती पत्रकांनी. ठाण्याहून आणि नाशकाहून येणाऱ्या मालात गूळ-हळदीच्या पुड्या बांधायला वाण्यांकडे छापील पत्रकांची रद्दी येई. विलायती कापड जाळा, दारू सोडा, मुलींना शाळेत घाला, जुलमापुढे मान तुकवू नका. बहुतेक पत्रकं अर्धवट फाटलेली असत, त्यामुळे लेखकाचं शेवटी म्हणणं काय हे मला क्वचितच कळे. संताप मात्र पूर्ण येई.

दादाचा जमादार घाटावरून आलेला. मला पत्रकांचा नाद, त्याला बखरींचा. दोघांचीही डोकी कागदानं फिरलेली. फरक एवढाच, की त्याच्या हाताखाली माणसं होती.

त्या उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या रस्त्यावर गाड्या लुटल्या जाऊ लागल्या. लुटणारे चार-पाच जण होते. त्यांच्याकडे तिरकमठे होते आणि ठासणीची एक बंदूक होती, जी उडवण्यापेक्षा दाखवायच्या उपयोगाची होती. न्यायचे ते बहुतेक धान्यच. कुठल्या गाडीतलं आणि का, याचा विचार मला त्या वयात जमादारापेक्षा जास्त पडला होता, पण तो विषय वेगळा. एका चकमकीत आमच्या एका शिपायाच्या मांडीत बाण घुसला. मांडी बरी झाली. जमादार मात्र बरा झाला नाही. पूर्वजांची चिलखतं खुंटीला लटकत असताना आपला शिपाई उघड्या मांडीनं बाण घेतो, ही गोष्ट त्याला झोपू देईना.

विलायतेतली मोठी लढाई तेव्हा नुकती संपली होती. तिथं माणसं उंदरांसारखी जमिनीत बिळं करून लढली असं आम्ही ऐकत होतो. विमानं, तोफा, विषारी धूर. आणि जव्हारात हुकूम सुटला की सूर्यमाळच्या डोंगरावर दडलेल्या टोळीवर छापा घालायला जाणाऱ्या शिपायांनी चिलखत घालावं.

चिलखतं लहान-मोठी करता येत नाहीत, माणसं निवडता येतात. ज्यांच्या अंगात ती बसली असे चौघे निवडले. त्यात दादा.

दादा दोन महिन्यांमागे हिवतापानं आडवा झाला होता. उठला तेव्हा गालफडं बसलेली आणि पोटात पाणथरी फुगलेली. ज्या वैदूनं त्याला उठवलं त्यानं वहिनीला निक्षून सांगितलं होतं, की यंदाचा उन्हाळा याला सावलीत काढू दे, ऊन डोक्यात गेलं तर मी परत येणार नाही, आलो तरी उपयोग नाही. हे जमादाराला माहीत नव्हतं असं नाही. पण दादा उभा राहू शकत होता, आणि जमादाराच्या हिशेबी उभा राहणारा शिपाई हा धडधाकट शिपाई.

तालमीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. चिलखत म्हणजे लोखंडी सदरा, असं ज्यानं ते घातलेलं नाही त्याला वाटतं. नाही. आधी अंगात कापूस भरलेला डगला, घोंगडीइतका जाड, आणि त्यात उंदरांनी करून ठेवलेली घरं. त्यावर कड्याकड्यांचं ते लोखंड. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला खांद्यापर्यंत लोंबणारी कड्यांची झालर, आणि नाकावर एक उभी पट्टी, तिच्यामुळे समोरचा एक माणूस दोन अर्ध्या माणसांसारखा दिसतो. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चाललं की पावलागणिक जड होत जातं, तसं चिलखत जड होत जातं. मूल निदान कधीतरी जागं होऊन उतरतं.

पहिल्या फेरीतच एक शिपाई पालथा पडला. त्याला उठवायला वाकलेला दुसरा त्याच्यावर पडला. दोघंही शांतपणे पडून राहिले. मला वाटतं त्यांना तिथंच बरं वाटत असावं. तिसऱ्याला लघवीला जायचं होतं, आणि पूर्वजांनी ती सोय चिलखतात कुठं ठेवली आहे हे कुणाला सापडेना. पूर्वज बहुधा जातच नसावेत. ऊन चढलं तसं लोखंड तापलं. दादानं घाम पुसायला हात वर नेला आणि स्वतःच्याच शिरस्त्राणाचा चटका बसून शिवी घातली.

"कोणाला म्हणालास रे?" जमादारानं विचारलं.

"पूर्वजांना, साहेब," दादा म्हणाला.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो. जमादारानं स्वतःही चिलखत चढवलं होतं, आणि ते सगळ्यांत जड होतं. मला त्याला ढोंगी म्हणायचं होतं. त्यानं ती सोय ठेवली नाही.

दादा आणि वहिनी शिपायांच्या चाळीत एका खोलीत राहत. त्या दिवशी दादा घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर कड्यांचे वळ उठले होते, एखाद्या सापानं कात टाकताना नक्षी ठेवून जावी तसे. वहिनीनं खोबरेल लावायला घेतलं. मी तोवर एक पत्रक लिहून काढलं होतं. ‘लोखंडी जुलूम’ असं वर मोठ्या अक्षरात. मी ते उभ्यानं वाचून दाखवलं. त्यात गुलामगिरी होती, धिक्कार होता, आणि ‘हे पामर जमादारा’ असं दोनदा आलं होतं.

दादा पालथा पडून ऐकत होता. "बरं हाये," तो म्हणाला. "आता हे वाचून चिलखत किती हलकं व्हईल?"

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुमचा तो कागद भिजवून यांच्या डोक्यावर ठेवला, तं तेवढं तरी गार लागंल."

"मग नोकरी सोड," मी दादाला म्हणालो. "माणसानं मानानं—"

"सोडीन. पण छाप्याच्या आधी सोडली तं लोक काय म्हणतील? बाणाला भ्याला म्हणतील. मी बाणाला भीत नाय. मला उन्हाची भीती वाटती, आणि उन्हाला भ्यालो असं कोणाला सांगायचं?"

मी त्याला पत्रकातले मुद्दे परत समजावायला लागलो. वहिनी एवढा वेळ खांदे चोळत होती. ती एकदम म्हणाली, "रावणाला नाचवता तवा नाय वो मरत तुम्ही."

हे बाहेरच्यांना समजायचं नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गावोगाव बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची लाकडी तोंडं बांधून सोंगं रात्रभर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे रावण. दहा तोंडांचा तो मुखवटा उचलायला दोघं लागतात, आणि एकदा बांधला की तो एकटा दादा पहाटेपर्यंत नाचवी. त्याचे नियम आहेत. सोंगाचं ओझं खांद्यावर ठेवायचं नाही, कमरेला फेटा करकचून आवळायचा आणि कमरेवर उतरवायचं. सोंगाला एकटं सोडायचं नाही; त्या फेट्याचं टोक हातात धरून घरचा एक जण मागं चालतो, तोल गेला की ओढून धरतो. दादाच्या मागं मी. सोंग चढलेल्या माणसानं बोलायचं नाही. जे काही बोलायचं ते मागच्यानं. आणि संबळ थांबला की सोंग थांबतं. संबळाशिवाय ते ओझं कुणाच्यानं उचलत नाही, मी पैजेवर बघितलेलं आहे. सोंग दारासमोर येऊन थांबलं की त्या घरचं माणूस पायातलं काढून पुढं येतं आणि त्याच्या पायांवर पाणी घालतं.

"रावणाला संबळ असतो," दादा म्हणाला.

"मंग न्या संबळ."

दादा पालथ्या पालथ्याच हसायला लागला, आणि हसल्यानं खांदे दुखले म्हणून परत शिव्या घातल्या, या खेपेला पूर्वजांना नाही.

माझं समाधान झालं नव्हतं. जुलूम नाचून सोसायचा, हे कुठल्याही पत्रकात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ जमादारापुढे जाऊन उभा राहिलो. तो मिशीला तूप लावत होता.

"साहेब, आपले पूर्वज हे चिलखत घालून घोड्यावर बसत."

"बसत."

"म्हणजे ओझं घोडा वाहायचा."

"घोड्याला चारा कोण घालील? तुझा बाप?"

"मग ओझं माझ्या दादानं वाहायचं?"

"त्याला पगार आहे. घोड्याला नव्हता."

"साहेब, दादा आजारातनं उठलाय. ऊन लागलं तर मरेल तो."

"आणि बाण लागला तर?"

"तर बाण लागल्यावर मरेल. तुम्ही त्याला आधीच मारताय."

जमादारानं मिशी सोडली. मला वाटलं, आता फटका बसणार. तो मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "कळवळा फार आहे तुला. पाणी वाहशील? दोन हंड्यांची कावड घे आणि चल छाप्याला. बघू तुझा कळवळा चढावर किती टिकतो."

असा मी फौजेत भरती झालो.

मोखाड्यापर्यंत चिलखतं बैलगाडीतून गेली. बैलांनी तक्रार केली नाही. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आमच्यात एक माणूस जास्त होता, डोक्यावर टोपली घेतलेला, दादाच्या बोहाड्यातला संबळवाला.

"हा कोण?" जमादारानं विचारलं.

"भाकऱ्यावाला, साहेब," दादा म्हणाला.

टोपलीत वर खरोखरच भाकऱ्या होत्या.

मोखाड्याहून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं होतं. पण मोहिमेवर निघताना शस्त्रांची पूजा करावी असं बखरीत आहे, आणि मोखाड्यात त्या वेळी भटजी जागे नव्हते. पूजा आटोपून आम्ही सूर्यमाळच्या चढाशी आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिथं चिलखतं चढवली. दादाच्या कमरेला मी फेटा आवळला, शिरस्त्राणाखाली ओलं फडकं घातलं, आणि फेट्याचं टोक हातात घेतलं. कावड एका खांद्यावर, टोक दुसऱ्या हातात. बाकीच्या शिपायांनीही बघून बघून कमरा आवळल्या. जमादारानं आवळली नाही. पूर्वजांनी आवळल्याचं त्यानं वाचलेलं नव्हतं.

सूर्यमाळचा चढ वैशाखात ज्यानं चढलेला नाही, त्याला सांगून उपयोग नाही. झाडांना पानं नसतात, नाल्यांना पाणी नसतं. पाड्यांवरच्या बायका वाळलेल्या ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डे खणतात, त्याला डवरा म्हणतात, आणि त्यात पाणी झिरपायची वाट बघत वाटी घेऊन बसतात. त्या डोंगरावर त्या दिवसांत पाण्याचा डवरा असेल तिथं माणूस असतं आणि माणूस असेल तिथं डवरा. टोळी कुठं असेल हे त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या मोठ्या जांभळीखालच्या डवऱ्यावर. लढाई कुणाशी आहे हे मला पहिल्या टेपाडावर कळून चुकलं. टोळीशी नव्हती.

पहिल्या टेपाडावर एक शिपाई बसला. दुसऱ्या टेपाडावर सगळे बसले. मी हंड्यांतलं पाणी त्यांना पाजलं आणि चिलखतांवर ओतलं. लोखंडावर पडलेलं पाणी चर्र वाजून उडून गेलं. एक हंडा तिथंच संपला.

"उठा!" जमादार म्हणाला. तोही बसलेलाच होता.

कुणी उठेना. दादा झाडाच्या बुंध्याला टेकून होता, तोंड उघडं, छाती भात्यासारखी. मी संबळवाल्याकडे बघितलं. त्यानं टोपलीतल्या भाकऱ्या एका शिपायाच्या मांडीवर ठेवल्या, खालून संबळ काढला, गळ्यात अडकवला आणि काठीनं पहिला ठोका दिला.

माणसाचे पाय कसे असतात बघा. ज्या पायांना हुकूम कळेना त्यांना संबळ कळला. दादा उठला. बोहाड्याची चाल असते, दोन पावलं पुढं, डुलायचं, अर्धं पाऊल मागं, परत पुढं. ओझ्याला डुलत ठेवलं की ते चावत नाही. दादा डुलत निघाला. त्याच्यामागं मी टोक धरून. बाकीचे तिघेही उठले, डुलायला लागले.

"बंद कर!" जमादार ओरडला. "छाप्याला चाललोय की वरातीला?"

दादानं उत्तर दिलं नाही. सोंग बोलत नाही. ते काम माझं.

"साहेब, संबळ बंद केला तर हे इथंच राहतील. तुम्ही एकटे घाला छापा."

जमादारानं शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण शिवीला लागणारा श्वास त्याच्याकडे नव्हता. तो उठून मागून यायला लागला, आणि थोड्या वेळानं मी वळून बघितलं तर तोही डुलत होता. त्याच्या पायांनी त्याला विचारलेलं दिसत नव्हतं.

असे आम्ही निम्म्याहून अधिक चढलो. मला आशा वाटू लागली होती. दुसरा हंडाही संपला तरी वाटत होती. मग दादा बोलला.

"लावणी झाली का रं?" तो म्हणाला.

वैशाख चालला होता. रोपंसुद्धा टाकलेली नव्हती.

"खालच्या वाफ्यात पाणी बघ," तो म्हणाला. "लई साठलंय."

मी पुढं होऊन त्याच्या गळ्याला हात लावला. कातडी कोरडी होती, तव्यासारखी. मघापर्यंत ठिबकणारा घाम बंद झाला होता. डोळे पट्टीच्या दोन्ही बाजूंनी माझ्याकडे बघत होते आणि मला ओळखत नव्हते. वैदूनं जे सांगितलं होतं ते हेच. मी चिलखताचे बंद सोडायला गेलो, तर मागची गाठ घामानं आणि गंजानं एक झालेली. कोयता नेमका मागं राहिलेल्या शिपायाकडे होता. आणि चिलखत काढून तरी काय? ओतायला थेंब नव्हता. पाणी एकाच ठिकाणी होतं, वरच्या जांभळीखाली, आणि त्याच्याभोवती तिरकमठेवाले बसलेले.

"वाजव," मी संबळवाल्याला म्हणालो. "थांबू नको. थांबलास तर पडेल तो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि वाजवलं. असा वाजवलेला मी कुठल्या बोहाड्यात ऐकलेला नाही.

शेवटचं वळण चढून आम्ही जांभळीपुढे आलो तेव्हा पुढं दादा, त्याच्यामागं मी, बाजूला संबळ, आणि बाकी फौज पार खाली. टोळीवाले पाच जण उभे होते. संबळ ऐकून ते कधीचे उठलेले असणार. दोघांचे बाण दोरीवर चढलेले, रोख आमच्याकडे. आणि वळणावरून लोखंडी तोंडाचं, उन्हात लकाकणारं, डुलणारं काहीतरी त्यांच्या अंगावर येत होतं, मागं फेट्याचं टोक धरलेला माणूस, आणि बोहाड्याचा ठोका.

त्यांच्यातला जो वयानं थोर होता त्यानं आधी तिरकमठा खाली ठेवला. मग पायातल्या वहाणा काढल्या.

"देवा," तो म्हणाला, "दिवसाचा निघालास?"

बाकीच्यांनीही बाण उतरवले. सोंगं रात्री निघतात. दिवसाढवळ्या, गाव सोडून, डोंगर चढून जे सोंग येतं त्याला काहीतरी मोठंच कारण असणार, असा त्यांनी विचार केला असावा. मीही त्यांच्या जागी तोच केला असता. थोरल्यानं डवऱ्याशेजारचं मडकं उचललं, पुढं आला आणि वाकून दादाच्या पायांवर पाणी घालायला लागला. ते सोन्यासारखं पाणी दगडावरून वाहून जात होतं.

खुळ्या समजुतींविरुद्धचं एक अख्खं पत्रक मला पाठ होतं. फाटलेलं नव्हतं, शेवटपर्यंत पाठ होतं. त्या क्षणी ते मला आठवलं. सोंगाच्या वतीनं बोलायचं काम माझं होतं.

"पायावर नको," मी म्हणालो. "डोक्यावर घाल. सोंग तापलंय."

त्यानं ते मडकं शिरस्त्राणावर उपडं केलं. मग दुसऱ्यानं भोपळ्याचा तुंबा आणला, तिसऱ्यानं ओंजळीनंच घातलं. दादा गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. कोयता त्यांच्याकडे होता. मी मागितला, त्यांनी दिला. मी बंद कापले, आम्ही सगळ्यांनी मिळून ते लोखंड त्याच्या अंगावरून सोलून काढलं, खालचा डगला काढला, आणि त्यात दादा निघाला. हाडं दिसणारा, वळ उठलेला. थोरला त्याच्याकडे बघत राहिला.

"ह्यो माणूस हाये," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "आजारी आहे. ओत अजून."

त्यानं ओतलं. हे मला लिहून ठेवायचं होतं. कळल्यावरही ओतलं.

तेवढ्यात जमादार वळणावर आला. तो चालत आला म्हणता येणार नाही. त्यानं आम्हाला बघितलं, टोळीला बघितलं, आणि पूर्वजांच्या आवाजात ओरडला, "धरा!" आणि बसला.

थोरल्यानं वहाणा हातात घेतल्या. "देवाच्या मागनं जमादार कसा?" असं काहीतरी म्हणून तो हसला, आणि ते सगळे धान्याची पोती सोडून वरच्या कड्याकडे पळाले. जमादारामागून पोचलेल्या आमच्या एका शिपायानं पाठलाग केला. तीन उड्या मारून तो दगडांत आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून आम्हाला फक्त कण्हणं ऐकू आलं.

दादाचं चिलखत मी जांभळीच्या खालच्या फांदीला अडकवून ठेवलं होतं. कड्यावरून एक बाण आला, बहुधा त्यांच्यातल्या एखाद्या तापट पोरानं सोडलेला, आणि बरोबर त्या चिलखताच्या छातीत लागला. खणकन वाजून खाली पडला.

"बघ!" जमादार बसल्या जागेवरून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा आनंद बघितला. "वाचला असता! आत असता तरी वाचला असता!"

"वाचलाच आहे, साहेब," मी म्हणालो. "बाहेर आहे म्हणून."

दादा दुपार कलल्यावर शुद्धीवर आला. त्यानं आधी पाणी मागितलं, मग मला ओळखलं, मग विचारलं, टोळीचं काय झालं. मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "माणसं बरी होती." जमादारानंही तोवर चिलखत काढलं होतं. त्याच्या खांद्यांची सालं गेली होती. त्यानं ते झाकून घेतलं, पण मी बघितलं. डवऱ्यातलं पाणी त्याला मीच वाटीनं पाजलं; ते काम मला त्यानंच लावलेलं होतं.

आम्ही खाली उतरलो, मोखाड्यात मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं जव्हारच्या वेशीशी आलो. वेशीबाहेर जमादारानं गाडी थांबवली. टोळी पळाली, पोती परत मिळाली, म्हणजे मोहीम फत्ते. आता शहरात शिरताना फौजेनं चिलखतात शिरावं. बाजार भरलेला होता.

"नाय," दादा म्हणाला.

"बाजारापुरतंच घाल. चार पावलं."

"नाय घालणार, साहेब. आणि उद्यापास्नं परेडीलाही येत नाय. बाणाला भ्यालो नाय हे तुम्ही बघितलंत. तेवढं कोणी इचारलं तर सांगा, बास." त्याचा आवाज चढला नव्हता. त्यानं गाडीची दांडी धरली होती.

मी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघत होतो ते हे वाक्य होतं, आणि त्यात धिक्कार नव्हता, गुलामगिरी नव्हती, पामर नव्हता. मला आणखी काही घालावंसं वाटलं. दादानं माझ्याकडे बघितलं, मी गप्प बसलो.

जमादारानं स्वतःचं चिलखत गाडीतून काढून अंगावर चढवलं, त्या सोललेल्या खांद्यांवर. एकट्यानं. बाकीच्या तिघांनी दुसरीकडे बघितलं. तो निघाला, चार पावलं गेला, एका बाजूला कलला, सावरला. मग मागं न वळता म्हणाला, "अरे ए, कावडवाल्या. तो फेटा आण. माझ्या कमरेला बांध आणि टोक धर."

"मी का धरू?" मी म्हणालो. त्याच्या तोंडावर म्हणालो. "ज्यानं माझ्या भावाला—"

दादा गाडीच्या सावलीत बसला होता. त्यानं डोळे मिटूनच हात हलवला.

"धर रं," तो म्हणाला. "नोकरी उद्यापास्नं सोडलीय, आज नाय. तो बाजारात पडला तर उचलायला मलाच जावं लागंल."

मी फेटा घेऊन गेलो.